सोमवारी ऑफिसात 'हाउ वॉज युअर वीकेंड?' विचारलं की 'गुड' म्हणून गप्प बसतो. कोणता इंग्लिश स्पीकिंग कोर्स लावू?

कोर्सचं नंतर बघू. बारा काळांचा तक्ता पाठ करून घेणाऱ्या क्लासवाल्यांशी माझा जुना वाद आहे, कारण त्यांचे विद्यार्थी नेमके या प्रश्नाला अडखळतात. 'रविवारी सिंहगडला गेलो होतो' हे आधी मराठीत जुळतं, तक्त्यात 'होतो'समोर 'हॅड' असतं, आणि तोंडातून येतं 'आय हॅड गॉन टू सिंहगड'. मराठीतला 'होतो' फक्त जाऊन आलो एवढं सांगतो. इंग्रजीतल्या या 'हॅड'ला मात्र नंतर घडलेली दुसरी गोष्ट लागते, म्हणून परदेशी सहकारी पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत राहतो. सरळ 'आय वेन्ट टू सिंहगड ऑन संडे' म्हणा. वीकेंडच्या गप्पांचं बहुतेक काम या साध्या भूतकाळावर भागतं.

'वेन्ट फॉर ट्रेकिंग' नको, 'वेन्ट ट्रेकिंग'. शॉपिंग, स्विमिंगचंही तेच. 'फॉर' येतो तो 'फॉर अ वॉक', 'फॉर अ ड्राइव्ह' असं म्हणताना. नुसतं 'आय एन्जॉइड' अर्धवट वाटतं; 'आय एन्जॉइड इट' किंवा 'आय हॅड अ ग्रेट टाइम' म्हणा. गावी गेला असाल तर 'नेटिव्ह प्लेस' भारताबाहेर कुणाला चटकन कळत नाही, तिथे 'आय वेन्ट होम टू सी माय पेरेंट्स'.

उच्चारात 'वॉचेड', 'कुकेड' फार ऐकू येतं. ते 'वॉच्ट', 'कुक्ट' आहे. मूळ क्रियापद ट किंवा डच्या उच्चाराने संपत असेल तरच शेवटी 'इड' ऐकू येतो: 'व्हिजिटिड', 'नीडिड'.

उत्तर एवढंच ठेवा: 'इट वॉज गुड. वी वेन्ट अप सिंहगड अँड हॅड पिठलं-भाकरी ॲट द टॉप. हाउ अबाउट यू?' एक ठोस तपशील आणि उलट प्रश्न, दोन्ही हवेत. गप्पा त्यावरच पुढे जातात. घरीच होतात? 'नथिंग मच, जस्ट कॉट अप ऑन सम स्लीप.' रविवारी रात्री असली तीन वाक्यं मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको, जीभ वळायला हवी.

ऑफिसात सगळे भारतीयच असतील तर 'हॅड गॉन'मुळे कुणाचं अडत नाही, हेही खरं. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल तर कोर्स लावा, पण पहिल्याच दिवशी तक्ता हातात देणारा नको.