साथ आली तरी घरातल्या ज्येष्ठांचे उपचार खंडू नयेत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. मध्ये जेमतेम सोळा दिवस. तेवढ्यात कोणाचीच तयारी होत नाही, ती आधीच करून ठेवावी लागते. त्या काळात ज्येष्ठांचे हाल विषाणूमुळे झालेच, पण थांबलेल्या गोळ्या आणि राहून गेलेल्या तपासण्यांमुळेही झाले. या वेळचे बहुतेक प्रश्न त्यावरच आहेत.

सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. वडील ७९ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. टाळेबंदीत त्यांच्या गोळ्या दोनदा संपल्या, तपासण्या वर्षभर झाल्या नाहीत. पुन्हा तशी वेळ आली तर घरात नेमकं काय हवं?

आधी एक कागद करा. वहीचं एकच पान. त्यावर वडिलांचं वय, रक्तगट, आजार आणि ते कधीपासून, झालेली ऑपरेशन्स, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते लिहा. मग एकेक औषध लिहा, पण ब्रँडच्या नावापुढे त्यातल्या मूळ घटकाचं नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा हवाच. टंचाईत नेमका तोच ब्रँड मिळत नाही. मधुमेहाच्या गोळीपुढे ‘मेटफॉर्मिन ५००’ असं लिहिलेलं असेल तर औषधवाल्याला डॉक्टरांना विचारून दुसऱ्या कंपनीची गोळी देता येते; ‘ती पांढरी लांबट गोळी’ यावरून देता येत नाही. पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, मूळ पान फ्रिजच्या दाराला लावा.

गोळ्यांचा साठा नेहमी एक महिना पुढचा असू द्या. नवी पाकिटं मागे ठेवायची, जुनी आधी वापरायची. सहा महिन्यांचं एकदम भरून ठेवू नका. मध्येच डोस बदलला की सगळं वाया जातं, आणि ज्येष्ठ माणूस जुन्या डब्यातलीच गोळी घेत राहतो. इन्सुलिन असेल तर न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. गोठलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, पण काम करत नाही. उघडलेली कुपी बहुधा चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा.

रक्तदाबाचं यंत्र घ्या, मनगटाचं नको, दंडाला बांधायचं घ्या. चुका होतात त्या मोजण्यात. जिना चढून आल्या आल्या मोजला, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधला, बोलता बोलता मोजला, की आकडा हमखास वर जातो. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं स्वस्थ बसावं, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. अधूनमधून उभं करून एक ते तीन मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला तर डॉक्टरांना कळवा. पहाटे बाथरूमला जाताना पडणं पुष्कळदा यातूनच होतं.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ‘गोळ्या खंडू नका’ या नियमाला अपवाद आहे. उलट्या, जुलाब सुरू झाले, जेवण-पाणी पोटात टिकेना, तर मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधं मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणती थांबवायची ते विचारा. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही.

तीन मजले उतरणं जमत नसेल तर घरी येऊन रक्त घेणारी लॅब आजच शोधून ठेवा. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) या दोन तपासण्या किती महिन्यांनी करायच्या, ते डॉक्टरांकडून त्याच पानावर लिहून घ्या.

आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की कधी ९१ दाखवतो, कधी ९७. कोणता खरा? – कोथरूड

बहुतेक वेळा उशिरा स्थिरावलेला. हात गार असेल, नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी असेल, हात थरथरत असेल तर आकडा खाली येतो. तळवे चोळून गरम करा, मधलं किंवा अंगठ्याशेजारचं बोट शेवटपर्यंत आत घाला आणि हात छातीजवळ स्थिर धरा. आकडा किमान अर्धा मिनिट टिकला तरच लिहा. पडद्यावर दोन आकडे असतात, त्यातला एक नाडीचा. घाईत तोच ऑक्सिजन म्हणून वाचला जातो.

नीट मोजूनही ९४ किंवा कमी येत असेल तर डॉक्टरांशी लगेच बोला. ९० च्या खाली गेला तर फोनवर वेळ घालवू नका, रुग्णालय गाठा. बसून ९५-९६ असेल तर चालून पाहतात. एरवी सहा मिनिटं, साठीपुढच्यांना तीन मिनिटं पुरेत, तेही घरातल्या घरात आणि कोणीतरी सोबत असताना. चालल्यावर आकडा ३ किंवा अधिकने उतरला, धाप लागली, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ज्यांना बसल्या जागीच दम लागतो, त्यांना चालवायचंच नाही.

आकड्याइतकंच माणसाकडे पाहा. वयस्कर माणसाला संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. एकाएकी असंबद्ध बोलणं, दिवसभर झोपून राहणं, ताट तसंच सरकवणं, विनाकारण पडणं हीच पहिली लक्षणं असू शकतात. ‘वयामुळे होतंय’ म्हणून ती सोडून देऊ नका.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. डॉक्टरांनी व्हिडिओवर काहीही विचारलं तरी ‘हो हो’ म्हणतात. फोनवरचं औषध द्यावं का? – बिबवेवाडी

फोनवरून सल्ला देण्याचे नियम २५ मार्च २०२० रोजी देशभर लागू झाले, त्यामुळे हा सल्ला अधिकृत आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही आहे ना, एवढं बघा. मॉर्फिनसारखी मादक द्रव्य कायद्याखाली येणारी औषधं मात्र अशी लिहून मिळत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष जावं लागतं.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा सासूबाईंच्या समोर डॉक्टरांना सांगून ठेवा, की त्यांच्या वतीने तुम्ही बोलाल. म्हणजे नंतर प्रश्न येत नाही. व्हिडिओ लावताना उजेड सासूबाईंच्या तोंडावर पडू द्या, खिडकी पाठीमागे नको. पंखा आणि टीव्ही बंद. डॉक्टरांचा प्रश्न मोठ्या अक्षरात पाटीवर लिहून दाखवा, आणि ‘हो की नाही’ न विचारता ‘कुठे दुखतं ते बोटाने दाखवा’ असं सांगा. शेवटी औषध कसं घ्यायचं ते त्यांच्याकडूनच वदवून घ्या. कानाचं यंत्र असेल तर कानात अडकवायचा मास्क नको, काढताना यंत्र ओढलं जाऊन पडतं. डोक्यामागे बांधायचा वापरा.

वडिलांचं डायलिसिस चालू आहे. साथीत संसर्गाच्या भीतीने एखादी पाळी चुकवली तर? – हडपसर

चुकवू नका. पोटॅशियम आणि पाणी साठलं की हृदय दोन-चार दिवसांत अडचणीत येतं. आपल्या केंद्रात संसर्ग झालेल्या रुग्णाचं डायलिसिस कुठे करतात, हे आत्ताच विचारून दुसरं केंद्र हेरून ठेवा. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची शक्ती जाणं यांनाही तोच नियम : संसर्गाच्या भीतीने थांबू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. १०८ ला फोन करा, आणि लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं ते सांगा.

खर्चासाठी कोणते कागद? – धनकवडी

रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जा. तिथे योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणारा ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला आधी भेटा. वडील सत्तर वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतील तर उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत, भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. पतिपत्नी दोघं पात्र असतील तर ती रक्कम दोघांत मिळून असते. आधारवरचं वय आणि मोबाइल क्रमांक चुकीचा असेल तर काम तिथेच अडतं, म्हणून आधार आधी दुरुस्त करून घ्या.

आईला एकटीलाच वॉर्डात ठेवावं लागलं तर बरोबर काय द्यावं? – औंध

चष्मा, कवळी डबीसकट, कानाचं यंत्र आणि जास्तीचे सेल, चार्जर. प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टीने पूर्ण नाव लिहा. या वस्तू वॉर्ड बदलताना हरवतात, आणि चष्मा-यंत्राविना वयस्कर माणूस फार लवकर गोंधळतो, परिचारिकेला ओळखेनासा होतो. साधा बटणांचा फोन द्या, त्यात १ दाबला की तुम्हालाच लागेल असं करून. औषधांच्या पानाची प्रत केसपेपरला जोडायला सांगा. त्यावर खाली दोन ओळी लिहा : आईला काय नावाने हाक मारली की ती ओ देते, आणि ती रात्री उठून कोणत्या बाजूने उतरते.