आई-बाबांबरोबर पाहिलेला कोणता जुना साहसपट तुम्हाला अजून आठवतो? तो आजच्या मुलांना दाखवावा का?

‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’. १९६३चा. बाबांबरोबर पाहिलेला.

नुसतं नाव विचारलं असतंत तर इथेच थांबले असते. पण तुम्ही पुढे लिहिलंय की नऊ वर्षांच्या मुलाला असा एखादा जुना चित्रपट दाखवायचाय आणि त्यातले इफेक्ट पाहून तो हसेल की काय अशी धास्ती वाटतेय. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

गोष्ट ग्रीक पुराणातली आहे. पेलियास नावाचा माणूस थेसलीच्या राजाला मारून गादी बळकावतो. राजाचा वाचलेला मुलगा जेसन वीस वर्षांनी परततो आणि पेलियासच्याच चिथावणीवरून, जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेलं मेंढ्याचं सोनेरी कातडं आणायला ‘आर्गो’ जहाजातून निघतो. वाटेत ब्राँझचा राक्षस भेटतो, एका आंधळ्या म्हाताऱ्याला छळणाऱ्या पंखवाल्या हार्पी भेटतात, जहाज चिरडायला टपलेले कडे लागतात. पुढे सात डोक्यांचा हायड्रा आणि सगळ्यात शेवटी हाडांच्या सापळ्यांची फौज. दिग्दर्शक डॉन चॅफी. पण लोक हा चित्रपट ओळखतात तो रे हॅरीहाऊसनच्या नावाने, कारण हे राक्षस त्याने छोट्या बाहुल्या करून, एकेक फ्रेम टिपत, हाताने हलवले आहेत.

बाबांनी तो तरुणपणी मोठ्या पडद्यावर पाहिला होता. मला दाखवला तो व्हीसीआरवर, कुणाकडून तरी मागून आणलेल्या टेपवरून. मी साधारण तुमच्या मुलाएवढीच होते. त्यांनी तेव्हा जे केलं, किंवा खरं तर जे केलं नाही, ते मला आता फार मोलाचं वाटतं. ‘जुना आहे हं, आजच्यासारखं काही नाही त्यात,’ असं त्यांनी अवाक्षरही काढलं नाही. दिवा मालवला, टेप लावली आणि गप्प बसले. तुम्हीही तेवढंच करा. पालक आधीच माफी मागून मोकळे झाले की मूल चुका शोधायला बसतं, आणि मग त्यात त्याचा तरी काय दोष?

आता टॅलॉस, म्हणजे तो ब्राँझचा राक्षस. जेसनच्या टोळीतले हर्क्युलस आणि त्याचा पोरगेलासा साथीदार हायलस एका बेटावर खजिन्याच्या कोठीत शिरतात. कोठी म्हणजे एका अजस्र ब्राँझच्या पुतळ्याची बैठक. वर पुतळा गुडघा टेकून बसलेला. हर्क्युलस तिथून एक भलीमोठी टाचणी उचलतो, भाला म्हणून कामाला येईल असं म्हणत, आणि दोघं बाहेर पडतात. तेवढ्यात पुतळ्याची मान हळूच वळते आणि तो खाली बघतो. बास, एवढंच. वर्षानुवर्षं तेल न घातलेल्या बिजागरीसारखा कर्र आवाज येतो आणि ती मान वळते. मी बाबांच्या दंडाला नखं रोवली होती. त्यांना हे येणार हे माहीत होतं, पण ‘आता बघ हं’ म्हणाले नाहीत. इतकी वर्षं झाली, पण आधी पाहिलेला चित्रपट दुसऱ्याला दाखवताना असं तोंड मिटून बसणं मला अजून जमत नाही.

टॅलॉस चालायला लागल्यावर मात्र मी म्हटलं, ‘किती अडखळत चालतोय हा!’ बाबा म्हणाले, ‘अगं धातूचा आहे तो, असाच चालणार.’ त्या वेळी पटलं आणि पुढे गेले. पुढे कळलं की नेमकं हेच हॅरीहाऊसनच्या मनात होतं. हालचाल झटके न देता, सफाईने व्हावी म्हणून हा माणूस जन्मभर झटला, आणि टॅलॉससाठी त्याने मुद्दाम ती ताठर ठेवली, कारण ब्राँझ लवचिक दिसलं तर कोण विश्वास ठेवणार?

एक सूचना देऊन ठेवते. टॅलॉस कोसळतो तेव्हा त्याच्याखाली हायलस चिरडून मरतो. हायलस हे त्या टोळीतलं सगळ्यात गोड पोर, त्यामुळे मुलांचा जीव त्याच्यावरच जडलेला असतो. मला रडू आवरेना. बाबांनी टेप थांबवली आणि हर्क्युलस त्याला शोधायला बेटावर मागे राहतो, पुढे येत नाही, एवढंच सांगितलं. ‘तो सापडेल’ असं खोटं सांगितलं नाही. मग मी डोळे पुसून ‘लावा पुढे’ म्हटलं. तुमच्या घरी काय होईल ते तुम्हीच जाणता, पण पाण्याला उठण्यासाठी हा क्षण निवडू नका.

इंग्रजी संवाद मला कळत नसत. बाबा हळू आवाजात मराठीत सांगत राहायचे. देवांची दृश्यं त्यांची विशेष आवडती. ऑलिंपस पर्वतावर देवांचा राजा झ्यूस आणि त्याची राणी हेरा एका पटावर माणसांच्या सोंगट्या हलवत बसलेले असतात. जेसनला फक्त पाच वेळा मदत करता येईल, अशी अट झ्यूसने हेराला घातलेली असते. मग आमचा खेळ असा की हेराने मदत केली की मी एक बोट मिटायचं. ती जहाजावरच्या लाकडी मूर्तीतून जेसनशी बोलते, तेव्हा मूर्तीच्या पापण्या हलतात. ते दिसलं की माझा हात तयार. बोटं संपत आली की पोटात गोळा यायचा, कारण सापळ्यांची लढाई अजून पुढे असायची. मुलाला हे काम जरूर द्या. देवांच्या लांबलचक बोलण्यात मुलं चुळबुळतात, ती या मोजणीमुळे टिकून राहतात.

आता सापळे. सोनेरी कातडं ज्याच्या देशात असतं, तो राजा हायड्राचे दात जमिनीत पेरतो आणि त्यातून तलवार-ढाल घेतलेले सात सापळे उगवतात. आधी पावलापावलाने पुढे सरकतात, आणि मग एकदम किंचाळत धावून येतात. समोर जेसन धरून तीनच माणसं. पडद्यावर हे सगळं काही मिनिटांत आटोपतं, पण करायला हॅरीहाऊसनला साडेचार महिने लागले. सात सापळे, प्रत्येकाचे दोन हात, दोन पाय आणि डोकं, म्हणजे एका फ्रेमसाठी पस्तीस ठिकाणी बोट लावायचं. शिवाय पडद्यावर आधीच चित्रित झालेल्या माणसांच्या तलवारींशी त्यांचा मेळ बसायला हवा. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम जातात. त्याच्या हातून दिवसाला सरासरी १३ व्हायच्या, म्हणजे सेकंदभर सुद्धा नाही. आणि नटांचं काय? त्यांनी आधी खऱ्या माणसांबरोबर तालीम केली, आणि मग कॅमेऱ्यासमोर हवेशी लढले. तलवार हवेत अशी थांबवायची की समोरच्या ढालीवर आपटली असं वाटावं. डोळे योग्य उंचीवर. पुढच्या वेळी पाहताना सापळ्यांकडे न बघता फक्त त्या तिघांकडे बघा. मला त्यांचंच जास्त कौतुक वाटतं.

माझे बाबा टर्नर. उभा जन्म लेथवर धातू कातण्यात गेला. पहिल्या वेळी लढाई संपेपर्यंत तेही श्वास रोखून बसले होते. चित्रपट संपला, दिवा लागला, आणि मग म्हणाले, ‘थांब, तुला काहीतरी दाखवतो.’ टेप मागे घेतली आणि एका सापळ्यावर पॉज केलं. जुन्या व्हीसीआरवर पॉज केलं की चित्रावर एक आडवा पांढरा पट्टा थरथरायचा, तो टाळायला ते पुन्हा पुन्हा बटण दाबत होते. शेवटी सापळ्याचा गुडघा नीट दिसला. तिथे बोट ठेवून म्हणाले, ‘आत लोखंड असणार बघ. प्रत्येक सांध्यात एक गोळी आणि तिला धरणारी वाटी. सैल पडली तर पाय दिलेल्या जागी राहणार नाही, आवळली तर हलणारच नाही. हे बसवणं सोपं नाही.’ मग स्वतःचा अंगठा फिरवून तो सांधा कसा चालत असेल ते दाखवलं. त्या रात्री मला सापळ्यांची भीती वाटलीच, पण अंधारात पडल्यापडल्या मी माझे स्वतःचे गुडघे, मनगटं, घोटे एकेक करून हलवून बघत होते.

युक्ती कळली की जादू जाते, असं लोक म्हणतात. आमच्याकडे उलट झालं. पण क्रम महत्त्वाचा. आधी पूर्ण चित्रपट, मध्ये एकही ‘हे कसं केलंय माहितेय का’ नाही, आणि मग हवं तेवढं उलगडा.

बाबांचा अंदाज बरोबर होता. त्या बाहुल्यांच्या आत गोळी-वाटीच्या सांध्यांचे धातूचे सांगाडेच असायचे. आणि ते बनवायचं कोण? हॅरीहाऊसनचे वडील, फ्रेड. मुलाने आराखडा काढायचा आणि वडिलांनी तो यंत्रावर धातूत उतरवायचा. १९७३ मध्ये वडील गेले, त्यानंतरच हे काम बाहेरच्या कारागिराकडे गेलं. आई बाहुल्यांचे कपडे शिवायला मदत करायची. १९३३ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, हॅरीहाऊसनने ‘किंग काँग’ पाहिला आणि त्याला हे वेड लागलं. सुरुवातीचं एक बाहुली-अस्वल त्याने आईच्या जुन्या फरच्या कोटातून बनवलं होतं. हे सगळं मी मोठी झाल्यावर वाचलं आणि धावत बाबांना सांगायला गेले. त्यांना आश्चर्य वाटेल, डोळे पाणावतील, अशी माझी कल्पना. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ‘मग? पोराच्या असल्या उद्योगाला लेथवर फुकटात जॉब करून देणारा दुसरा कोण मिळणार होता?’

‘जेसन’ आला त्या वर्षीचं स्पेशल इफेक्टचं ऑस्कर ‘क्लिओपात्रा’ला गेलं. ‘जेसन’ला साधं नामांकनही नव्हतं. हॅरीहाऊसनला ऑस्करवाल्या अकादमीने मानाचा पुरस्कार दिला तो थेट १९९२ साली. बाबांना या पुरस्कारांशी काही घेणंदेणं नाही, राग येतो तो मलाच.

आता तुमच्या मूळ शंकेबद्दल. मूल हसेल का? काही ठिकाणी हसेल. टॅलॉसची उंची प्रसंगाप्रसंगाला बदलते, हे माझ्या भाचीने लगेच पकडलं. आदळणारे कडे थांबवायला समुद्रातून समुद्रदेव ट्रायटन वर येतो तो चक्क माणूस आहे, मागे शेपटी लावलेला, आणि तो तसाच दिसतो. हसू द्या. सुरुवातीची वीसेक मिनिटं संथ आहेत. कोल्किसच्या, म्हणजे सोनेरी कातड्याच्या देशातल्या देवळात मीडिया नावाची पुजारीण अंगाला सोनेरी रंग लावून नाचते, तिथेही गाडी रेंगाळते. तो नाच आला की बाबा टेप पुढे पळवायचे. कंटाळा म्हणून की मी शेजारी होते म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. हार्पींनी म्हाताऱ्याला छळायचं दृश्य लहान मुलांना टॅलॉसपेक्षा जास्त लागतं, कारण तो आंधळा आहे आणि त्याला काही करता येत नाही. तिथे जवळ बसा. आणि आवाज मोठा ठेवा. संगीत बर्नार्ड हरमनचं आहे आणि या राक्षसांची निम्मी भीती तिथूनच येते.

चित्रपट संपल्यावर मूल एक प्रश्न विचारणार म्हणजे विचारणारच: पेलियासचं काय झालं? ज्या दुष्टापासून गोष्ट सुरू झाली तो घरी मजेत बसलेलाच राहतो. जेसन आणि मीडिया जहाजावर, झ्यूस म्हणतो याचा खेळ पुन्हा कधीतरी मांडू, आणि संपलं. पुढचा भाग कधी निघालाच नाही. मी बाबांना एवढं भंडावून सोडलं की शेवटी त्यांनी कुठूनसं वाचून मला पुराणातला शेवट सांगितला. मीडिया पेलियासच्या मुलींना पटवते की तुमच्या म्हाताऱ्या बापाचे तुकडे करून माझ्या औषधात उकळले की तो पुन्हा तरुण होईल. मुली बिचाऱ्या बापावरच्या मायेने ते करतात. तो काही उठत नाही.

तुमच्या मुलाला हे कोणत्या वयात सांगायचं ते तुम्ही ठरवा. बाबांनी मला फार लवकर सांगितलं. आणि सांगून झाल्यावर, मी विचारात पडलेली बघून, घाईघाईने म्हणाले, ‘मी आहे असाच बरा आहे हो.’