आधी चौक मोजावेत
शहराच्या विस्ताराचा अभ्यास नव्याने सुरू करताना रस्त्यांच्या लांबीआधी चौक मोजावेत, असे मी सुचवेन; रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत ते चौकांवरून कळते. पुण्याच्या सदाशिव पेठेत एक बोळ बंद झाला तरी सहसा शेजारच्या बोळातून वाट निघते. उलट २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत समाविष्ट झाली, त्या पट्ट्यात जुन्या पाणंदींच्या आणि बांधांच्या रेषेवर पडलेल्या रस्त्यांना सोसायट्यांच्या कुंपणभिंती आडव्या येतात आणि समोर दिसणाऱ्या किराणा दुकानासाठीही मुख्य रस्त्यावरून वळसा घ्यावा लागतो. म्हणून चौक, तिकाटणी आणि गल्ल्यांची बंद टोके वेगवेगळी नोंदवावीत, तसेच प्रत्यक्ष चालण्याच्या अंतराला सरळ रेषेतील अंतराने भागून वळसा किती पडतो ते पाहावे. केवळ उपग्रहचित्रावर मात्र विसंबू नये, कारण फाटकाला लावलेले कुलूप त्यात दिसत नाही (आणि रखवालदार तर नाहीच).