न्योर्डलिंगन: तटबंदी, टॉवर आणि दुपारचं जेवण

वाचक विचारतात, प्रवास विभाग उत्तर देतो

प्रश्न : आम्ही म्यूनिकला राहतो. सांगलीहून आई-बाबा आले आहेत. रोथेनबुर्गला फार गर्दी असते म्हणतात. धावपळ न करता एका दिवसात बघून होईल असं जुनं गाव कोणतं? बाबांचे गुडघे दुखतात.

न्योर्डलिंगनला जा. गाव जवळजवळ गोल आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण एक किलोमीटर. भोवतालची तटबंदी अखंड आहे आणि तिच्यावरून छपराखालच्या वाटेने पूर्ण फेरी मारता येते. ही फेरी सुमारे 2.7 किलोमीटरची, तिला तिकीट नाही. रोथेनबुर्गसारख्या टूर-बसच्या रांगा इथे सहसा लागत नाहीत.

आधी आउग्सबुर्गमार्गे डोनाउव्योर्थ आणि तिथे गाडी बदलून न्योर्डलिंगन, असे साधारण दोन तास लागतात. तिघांना मिळून एकच बायर्न-टिकेट (बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यातलं एका दिवसाचं तिकीट) घ्या. ते पाच जणांपर्यंत चालतं, मात्र फक्त प्रादेशिक गाड्यांत. आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत बसलात तर दंड. प्रवाशांची नावं त्यावर असावी लागतात. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासून. पहिल्या खेपेला लोक चुकतात ते इथेच: मंगळवारी आठच्या गाडीत हे तिकीट चालत नाही.

म्हणजे कामाच्या दिवशी तुम्ही अकराच्या सुमारास पोहोचाल. मग आधी जेवा आणि नंतर फिरा. छोट्या गावातली बरीच स्वयंपाकघरं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, ती थेट संध्याकाळी पाच-साडेपाचला उघडतात. ‘तटबंदी करून मग जेवू’ म्हणणाऱ्यांना अडीच वाजता केकवर भागवावं लागतं. दारावर ‘दुर्खगेहेंड वार्मे क्यूखे’ अशी पाटी असेल तर दिवसभर गरम जेवण मिळतं. ‘रूएटाग’ म्हणजे साप्ताहिक सुट्टी, आणि ती बऱ्याच ठिकाणी सोमवारी किंवा मंगळवारी असते. गावातलं उल्का-विवराचं संग्रहालयही सोमवारी बंद असतं, त्यामुळे सोमवार टाळाच. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतर इथे मोठी जत्रा भरते. शांतता हवी असेल तर ते दिवसही नकोत.

बाबांनी तटबंदीची पूर्ण फेरी करायलाच हवी असं नाही. एका वेशीपाशी जिना चढायचा, सपाट वाटेने पुढच्या वेशीपर्यंत जायचं आणि तिथे उतरायचं. वेशी पाच आहेत. छत काही ठिकाणी खाली येतं, उंच माणसाने डोकं सांभाळावं. सेंट गेओर्ग चर्चचा टॉवर, म्हणजे ‘डानिएल’, मात्र त्यांच्यासाठी नाही: 350 पायऱ्या आहेत. तुम्ही वर जाऊन या, तोवर ते चर्चमध्ये बसतील किंवा एगर नदीकाठच्या कातडी कमावणाऱ्यांच्या जुन्या वस्तीत रमतील. तिथल्या उंच घरांच्या माळ्यांवर पूर्वी कातडी वाळत घालत.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. तिथे काय मागवावं?

गाव बायर्नमध्ये असलं तरी जेवण श्वाबियन (नैऋत्य जर्मनीतल्या श्वाबिया प्रदेशाच्या) वळणाचं आहे आणि त्यात मांस दिसत नाही तिथेही लपलेलं असतं. बटाट्याच्या सॅलडचंच बघा. इथे ते मेयोनेझऐवजी गरम मांसाच्या रश्श्यात मुरवतात. ‘इस्ट दा फ्लाइशब्र्यूए ड्रिन?’ (यात मांसाचा रस्सा आहे का?) हे एक वाक्य पाठ करा. माउलटाशन, म्हणजे पिठाच्या चौकोनी पुरचुंड्या, पालकाने हिरव्या दिसल्या तरी आत बहुधा खिमा असतो. ‘वेगेटारिश’ लिहिलेल्याच घ्या, आणि त्याही रश्श्यात नको, परतलेल्या. मसूर आणि श्पेत्सले (अंड्याचा छोटा पास्ता) हा पदार्थ आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो, पण वर सॉसेज असतो आणि मसुरात श्पेक, म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे. सॉसेज ‘ओने वुर्स्ट’ (सॉसेजशिवाय) म्हटलं की वगळतात; मसुरातला श्पेक मात्र आधीच शिजलेला असतो, तो वेगळा काढता येत नाही.

भरवशाचा पदार्थ म्हणजे केझेश्पेत्सले. अंड्याच्या पिठाचे छोटे तुकडे, वितळलेलं चीज, वर तळलेला कांदा. एक ताट दोघांना पुरतं. चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) ज्यांना चालत नाही त्यांनी तेही टाळावं. गोडात रीजर बाउअर्नटोर्ट, म्हणजे सफरचंदाचा मऊ गर भरलेला चपटा केक, बेकरीत मिळतो.

पाणी फुकट येत नाही, बाटलीचे पैसे पडतात. रोख युरो जवळ ठेवा. टीप टेबलावर ठेवून जायची नसते. बिल 37 झालं तर पैसे देताना ‘40’ म्हणायचं.

प्रश्न : नाशिकला घरी श्पेत्सले करून पाहिले, सगळ्याचा एक चिकट गोळा झाला. काय चुकलं?

बहुधा पीठ पातळ झालं आणि एकदम जास्त घातलं. चौघांसाठी 300 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बारीक रवा, 4 अंडी, एक चमचा मीठ, चिमूटभर जायफळ आणि 120 ते 150 मिलीलिटर पाणी घ्या. रवा मुद्दाम सांगतो आहोत: तिकडे श्पेत्सलेसाठी जाडसर पीठ मिळतं, नुसत्या मैद्याचा लगदा होतो. पाणी सगळं एकदम घालू नका, अंडी लहान-मोठी असतात. लाकडी चमच्याने पिठात बुडबुडे येईपर्यंत फेटा आणि अर्धा तास झाकून ठेवा. चमचा उचलल्यावर पीठ ओघळू नये, जड होऊन सावकाश तुटून पडावं.

साचा नसेल तर बुंदीचा झारा उत्तम, पण भोकं मोठी हवीत. झारा उकळत्या खारट पाण्यावर वीतभर उंच धरा. खाली नेलात तर वाफेने पीठ भोकांतच शिजतं आणि झारा तुंबतो. एका वेळी एक डावभर पीठ घासा, त्याहून जास्त नको. पाणी गार झालं की तुकडे एकमेकांना चिकटतात. वर तरंगल्यावर अर्धा मिनिट थांबून काढा आणि लगेच गरम भांड्यात एक थर श्पेत्सले, एक थर किसलेलं चीज असं रचत जा. चीज 250 ग्रॅम. एमेंटालर किंवा ग्रुयेर नसेल तर गौडा घ्या. प्रोसेस्ड चीज नको, त्याची खारट खळ होते. तीन कांदे लोण्यात मंद आचेवर वीस मिनिटं परता. घाई केली तर कडा करपतात आणि आत कच्चे राहतात.

प्रश्न : गाव म्हणे उल्केच्या विवरात वसलंय. म्हणजे आपल्या लोणारसारखं?

कारण तेच, पण माप फार वेगळं. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, हे साधारण 25. लोणारला काठावर उभं राहिलं की खळगा डोळ्यांत मावतो. इथे तुम्ही तळाशी असता आणि काही जाणवत नाही. डानिएलवरून क्षितिजावर झाडीभरल्या टेकड्यांचं कडं दिसतं, तोच काठ. हा ज्वालामुखी असावा असंच पूर्वी मानत. 1960 मध्ये इथल्या दगडात कोएसाइट हे खनिज सापडलं. ते होण्यासाठी प्रचंड दाब लागतो, म्हणून आघात सिद्ध झाला. चर्चही त्याच आघातात तयार झालेल्या सुएवाइट दगडाचं आहे. भिंतीत काचेसारखे काळपट ठिपके शोधा. संग्रहालयात चंद्रावरचा दगडही आहे. अपोलोचे अंतराळवीर 1970 मध्ये या भागात दगड ओळखायला शिकले होते.

प्रश्न : टॉवरवरून पहारेकरी आरोळी देतो, ती ऐकायला मिळेल का?

त्याच दिवशी परतणार असाल तर नाही. ‘सो ग्झेल, सो’ ही हाक रात्री 10 ते 12 दर अर्ध्या तासाने येते. ऐकायचीच असेल तर गावात एक रात्र खोली घ्या.