बोअरचे पाणी, हिरवी काच आणि रंकाळ्यात सोडायचा मासा

प्रश्न : आमच्या कोल्हापूरजवळच्या मोरेवाडीच्या घरी बोअरचे पाणी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टाकीत गप्पी व मॉली हे मासे आणि थोड्या वनस्पती आहेत. दर रविवारी निम्मे पाणी बदलतो, तरी दोन-तीन दिवसांत काच हिरवी होते आणि पानांवर केसांसारखे तंतू वाढतात. काचेच्या वरच्या कडेला पांढरा थर बसतो. पाणी जड असल्यामुळे शेवाळ वाढते असे दुकानदार म्हणतात, म्हणून हल्ली पाणी उकळून गार करून टाकतो. फरक पडलेला नाही. सॉफ्टनर बसवावा का?

उत्तर : आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, आणि दुकानदारांनीही तेच केले आहे. काचेवरचा पांढरा थर हा कॅल्शियमचा असतो. तो पाण्याच्या जडपणामुळे, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे बसतो. शेवाळ मात्र जडपणावर पोसत नाही. त्याला नायट्रेट, फॉस्फेट आणि प्रकाश लागतो. बेसाल्टच्या खडकातून येणारे आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुधा जड असते. पण ज्या भागात उसाला वर्षानुवर्षे भरपूर युरिया पडतो, तिथे त्याच पाण्यात नायट्रेटही मुरलेले असू शकते, आणि ते चवीला किंवा डोळ्याला कळत नाही. गप्पी आणि मॉली यांना जड पाणी मानवते. त्यामुळे जडपणाशी लढण्यात आपले श्रम वाया जात आहेत.

उकळल्याने पाण्याचा तात्पुरता जडपणा तळाशी बसतो, पण नायट्रेट जसेच्या तसे राहते. उलट थोडे पाणी वाफ होऊन उडाल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. घरगुती सॉफ्टनर कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. नायट्रेटला तो हात लावत नाही, शिवाय वनस्पतींना जास्तीचे सोडियम सोसत नाही. तेव्हा तो खर्च करू नये.

आधी नळाखालचे, म्हणजे टाकीत जाण्यापूर्वीचे पाणी नायट्रेटसाठी तपासावे. बहुतेक जण टाकीतले पाणी तपासतात आणि माशांच्या विष्ठेला किंवा जास्तीच्या खाद्याला दोष देऊन मोकळे होतात. थेंबांचे किट तपासणीच्या कागदी पट्ट्यांपेक्षा विश्वासार्ह असते. नाहीतर पिण्याचे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक बाटली द्यावी. अहवाल वाचताना एक खबरदारी घ्यावी. काही ठिकाणी आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, तर काही ठिकाणी ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून, आणि दुसऱ्याला सुमारे 4.4 ने गुणल्यावर पहिला मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट इतकी आहे. म्हणजे माणसासाठी निर्धोक ठरलेले पाणीसुद्धा शेवाळाला मेजवानी ठरू शकते.

समजा आपल्या बोअरमध्ये 40 मिलिग्रॅम नायट्रेट निघाले, तर दर रविवारी निम्मे पाणी बदलण्याने टाकीतला आकडा 40 च्या खाली कधीच जाणार नाही, कारण आपण जे काढतो तेच पुन्हा ओततो. ताजे पाणी म्हणजे चांगले पाणी, हा समज इथे फसतो. उपाय आहे तो मिसळण्याचा. निम्मे बोअरचे आणि निम्मे जवळपास नायट्रेट नसलेले पाणी मिसळले, तर आकडा 20 वर येतो, आणि जडपणाही निम्मा होऊन काचेवरचा थर कमी होतो.

हे दुसरे पाणी कोठून आणायचे, याची उत्तरे कोल्हापूरकराकडे बऱ्यापैकी आहेत. घरात पिण्याचा आरओ असेल, तर त्याचे शुद्ध पाणी वापरावे. त्याच्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र कधीही टाकीत घालू नये, कारण सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. जून ते सप्टेंबर पावसाचे पाणी धरता येते. पहिले काही दिवस छप्पर धुऊन जाऊ द्यावे, रंगवलेल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावरचे पाणी घेऊ नये, आणि स्वच्छ झाकणाच्या ड्रममध्ये ते साठवावे. नुसत्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यावर मात्र टाकी चालवू नये. त्यात क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, जवळजवळ नसते, त्यामुळे पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) स्थिर राहत नाही आणि मॉलीसारखे मासे लवकर आजारी पडतात. आपल्या बाबतीत बोअरचे जड पाणीच ही उणीव भरून काढते.

आपली टाकी भरून सुमारे 56 लिटरची. खडी आणि दगड धरता 45 ते 50 लिटर पाणी असेल. एका दिवसात सगळे पाणी काढून मिश्रण घालू नये. दर आठवड्याला दहा-बारा लिटर मिश्र पाणी घालावे, म्हणजे मासे हळूहळू रुळतात आणि आकडाही उतरतो.

पाणी सुधारेपर्यंत आणि सुधारल्यावरही प्रकाशावर ताबा हवा. दिवा सहा ते सात तास पुरे, आणि तो टायमरवर असावा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर टाकी हलवण्याऐवजी मागच्या काचेला कागद लावला तरी चालतो. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. एक स्वस्त आणि परिणामकारक सोय म्हणजे मनी प्लांटची फांदी टाकीच्या कडेला अशी बसवावी की मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील. ती नायट्रेट शोषते आणि माशांना अपाय करत नाही. बाजारातली शेवाळ मारणारी औषधे मी सुचवत नाही. त्यातली तांब्याची औषधे गोगलगायी आणि कोळंबी मारतात, आणि एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. शिवाय नायट्रेट जागच्या जागी राहिल्याने शेवाळ पुन्हा येतेच.

प्रश्न : आमच्याकडे महापालिकेचे पाणी येते. पावसाळ्यात ते गढूळ होते. त्यात तुरटी फिरवून टाकीत घालावे का?

उत्तर : थेट टाकीत तुरटी कधीही फिरवू नये. ती पाण्याची क्षारता खाते, आणि पाणी मुळात मृदू असेल तर पीएच अचानक घसरतो. बादलीत हलकी फिरवून गाळ रात्रभर बसू द्यावा आणि वरचे स्वच्छ पाणी नळीने काढून घ्यावे. त्याहून चांगले म्हणजे तुरटीशिवाय दोन दिवस निवळू देऊन दाट स्पंजमधून गाळावे. क्लोरीनसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वेष्टणावरच्या प्रमाणात घालावे. पावसाळ्यात क्लोरीन अधिक घातले जाण्याची शक्यता असते, म्हणून त्या महिन्यांत एका वेळी चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त पाणी बदलू नये. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि अमोनिया वाढतो.

प्रश्न : खडीवर निळसर हिरवा, बुळबुळीत पडदा पसरला आहे. ओढला तर अखंड निघतो आणि त्याला वास येतो. दोन दिवसांत परत येतो. हे कोणते शेवाळ?

उत्तर : हे खरे शेवाळ नव्हेच, हे सायनोबॅक्टेरिया. म्हणजे जिवाणू, जरी प्रकाशसंश्लेषण ते वनस्पतीसारखे करत असले तरी. त्यामुळे शेवाळ खाणारे मासे त्याला तोंड लावत नाहीत. पाणी हलत नाही अशा कोपऱ्यात आणि खडीत साचलेल्या मळावर ते फोफावतात. प्रथम नळीने ओढून जेवढा पडदा निघेल तेवढा काढावा, खडी उपसून घ्यावी, मग टाकीला जाड कापड गुंडाळून तीन दिवस पूर्ण अंधार करावा. या काळात हवेचा पंप बंद करू नये, खाद्य देऊ नये. नंतर एक तृतीयांश पाणी बदलावे आणि फिल्टरचा प्रवाह त्या कोपऱ्याकडे वळवावा. प्रतिजैविकाच्या गोळ्या टाकण्याचा सल्ला मिळेल. तो मानू नये. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही त्यांनी धोका असतो, आणि घरगुती प्रमाण कोणालाच नीट मोजता येत नाही.

प्रश्न : काच साफ करण्यासाठी घेतलेला सकर मासा जवळपास फूटभर झाला आहे. शेवाळ खात नाही, टाकी उकरतो. रंकाळ्यात सोडला तर जगेल का?

उत्तर : जगेल, आणि अडचण तीच आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा आपल्या देशातल्या अनेक जलाशयांत पसरला आहे. तिथल्या माशांची अंडी व अन्न तो खातो, किनारा पोखरतो आणि त्याचे कवच टणक असल्याने त्याला खाणारे फारसे कोणी नसते. रंकाळा, कळंबा किंवा पंचगंगा, कुठेही सोडू नये. लहानपणी हा मासा शेवाळ खातो, मोठेपणी खाद्याच्या गोळ्यांवर जगतो आणि विष्ठेने नायट्रेट वाढवतो; म्हणजे काच साफ करण्यासाठी आणलेला मासाच ती हिरवी करायला मदत करतो. किमान चार फुटांची टाकी असलेल्या हौशी माणसाला किंवा मोठ्या टाक्या ठेवणाऱ्या दुकानाला तो द्यावा. काचेसाठी खरवडायला जुने एटीएम कार्ड आणि शेवाळ खाणाऱ्या दोन नेराइट गोगलगायी पुरतात. मात्र आपले पाणी फार मृदू असेल तर त्यांचे शंख झिजतात, तेव्हा आणण्यापूर्वी जडपणा तपासून घ्यावा.