वाचकांचे प्रश्न : शेजारच्या खोलीतला संगणक फोल्डर का उघडू देत नाही?

प्रश्न : घरात विंडोज ११ चे दोन लॅपटॉप एकाच वाय-फायवर आहेत. इंटरनेट दोन्हींवर नीट चालते. एकावरचे फोल्डर शेअर केले आहे, पण दुसऱ्याच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘नेटवर्क’ उघडले की पहिला लॅपटॉप दिसतच नाही. परवापर्यंत दिसत होता. मध्ये फक्त राउटर बदलला. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ‘नेटवर्क’मधली ती यादी आधी विसरा. यादीत नाव झळकणे आणि फोल्डर उघडणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. नाव दिसत नसतानाही फोल्डर उत्तम उघडते, आणि नाव दिसूनही ते उघडत नाही. म्हणून पहिली चाचणी थेट पत्त्याने करा.

ज्या लॅपटॉपवर फोल्डर आहे त्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्या. वाय-फायखालचा आयपीव्ही४ पत्ता टिपून घ्या, तो १९२.१६८.१.५ असा काहीसा असेल. दुसऱ्या लॅपटॉपवर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन हा पत्ता टाइप करा आणि एंटर दाबा. आता तीनपैकी एक गोष्ट घडेल.

फोल्डर दिसले, तर शेअरिंग शाबूत आहे आणि बिघाड फक्त यादीत आहे. सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे विंडोजच्या पडद्याआड चालणाऱ्या सेवांच्या यादीत, ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा पहा. फोल्डर असलेल्या लॅपटॉपचे अस्तित्व तीच जाहीर करते. पाहणाऱ्या लॅपटॉपवर ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’ चालू हवी. दोन्ही सेवा ऑटोमॅटिक करून सुरू करा. यादीसाठी याहून जास्त वेळ घालवू नये, असे आमचे मत आहे. राउटरमध्ये त्या लॅपटॉपचा पत्ता राखून ठेवा आणि फोल्डर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने जोडून टाका, मग यादीची गरजच उरत नाही.

नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली, तर ती चांगली खूण समजा. लॅपटॉप एकमेकांपर्यंत पोचले, आता प्रश्न फक्त ओळखीचा आहे. त्याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

बराच वेळ थांबून ०एक्स८००७००३५ हा त्रुटीक्रमांक आला, तर वाट कुठेतरी अडली आहे. तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय नेटवर्कच्या प्रकारावर आहे. विंडोज प्रत्येक नेटवर्क वेगळे ओळखते. राउटर बदलला की ते त्याच्या लेखी नवे नेटवर्क ठरते, आणि नव्या नेटवर्कला ते सहसा ‘पब्लिक’ मानते. पब्लिकमध्ये फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, शेअरिंगची दारे बंद ठेवते. तुम्ही स्वतः काहीच बदलले नाही, तरी फोल्डर बंद पडते ते यामुळे. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग त्या जोडणीचे प्रॉपर्टीज, या वाटेने जाऊन दोन्ही लॅपटॉपवर ‘प्रायव्हेट’ निवडा. नंतर अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधल्या अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये, प्रायव्हेट या विभागाखाली, ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही बटणे चालू आहेत ना ते पहा. एक चालू म्हणजे दुसरे चालूच, असे गृहीत धरू नका.

तरीही अडले तर दोन्ही लॅपटॉपचे पत्ते शेजारी शेजारी लिहा. ‘आयपीकॉन्फिग’मध्येच दिसणारा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे सारखेच हवेत. एक १९२.१६८.० ने आणि दुसरा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर घरात दोन राउटर एकामागे एक लागले आहेत आणि लॅपटॉप दोन वेगळ्या नेटवर्कांत आहेत. इंटरनेट दोघांनाही मिळते, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही. दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न बनवता फक्त वाय-फाय पुरवेल. ती सोय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या मालिकेतला, पण कुणाकडे नसलेला द्या, त्याचे डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि पहिल्याकडून येणारी केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) खाचेऐवजी लॅन (घरातल्या यंत्रांच्या) खाचेत लावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी ती जोडणी दुरुस्त करा.

पत्ते जुळतात, प्रकार प्रायव्हेट आहे, तरी वाट बंद? मग एखादा लॅपटॉप ‘गेस्ट’ वाय-फायवर आहे का ते पहा. पाहुण्यांचे नेटवर्क यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम तोडते. राउटरमधले ‘एपी आयसोलेशन’ही तेच करते. त्यानंतर व्हीपीएन आणि बाहेरून टाकलेल्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल तपासा.

पिंगच्या, म्हणजे समोरचे यंत्र उत्तर देते का ते पाहणाऱ्या आज्ञेच्या, निकालावर विसंबू नका. फायरवॉल पिंग अडवून शेअरिंग चालू ठेवू शकते. खरी चाचणी पॉवरशेलमध्ये होते : ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ (Test-NetConnection) या आज्ञेला समोरच्याचा पत्ता आणि पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, ४४५ (-Port 445) द्या. फाइल शेअरिंग याच पोर्टवरून चालते. शेवटी ‘ट्रू’ आले तर वाट मोकळी आहे. अख्खी फायरवॉल बंद करून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. या चाचणीमुळे त्याची गरज पडत नाही, आणि बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करायची हमखास राहून जाते.

प्रश्न : पासवर्डची चौकट येते, पण मी रोज लॅपटॉप उघडतो तो चार आकडी पिन ती स्वीकारत नाही. पासवर्डची अट काढून टाकू का?

उत्तर : काढू नका. मग वाय-फायवर येणाऱ्या कुणालाही ते फोल्डर उघडता येईल. पिन चालत नाही याचे कारण साधे आहे : तो फक्त त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो वापरताच येत नाही. चौकटीत नाव आणि पासवर्ड द्यायचा तो फोल्डर ज्यावर आहे त्या लॅपटॉपचा, समोर बसलेल्याचा नव्हे. तिथे मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर नाव म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता. ‘यूझर्स’मध्ये ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचे फोल्डर दिसते, तेच नाव समजून अनेक जण टाइप करतात आणि फसतात.

बरोबर पासवर्ड देऊनही नाकारला जातो असेही होते, विशेषतः त्या लॅपटॉपवर कायम पिननेच प्रवेश केला असेल तर. तिथे एकदा पिनऐवजी पासवर्डने आत जाऊन पहा. आम्ही मात्र सरळ मार्ग सुचवतो : फोल्डर असलेल्या लॅपटॉपवर केवळ शेअरिंगसाठी एक स्थानिक खाते उघडा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डरची परवानगी त्याच खात्याला द्या. पासवर्ड रिकामा ठेवलात तर उपयोग नाही. तसे खाते विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. चौकटीत नाव लिहिताना आधी त्या लॅपटॉपचे नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खाते असे लिहा.

आधीच्या चुकीच्या प्रयत्नांची नोंद क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली राहिलेली असू शकते. ती खोडा. त्रुटी १२१९ आली, तर त्याच यंत्राशी दुसऱ्या नावाने जोडणी अजून चालू आहे. उघड्या फाइली बंद करा आणि ‘नेट यूज’, मग तारांकन, मग ‘/डिलीट’ (net use * /delete) अशी आज्ञा द्या. याने जोडलेले सगळेच नेटवर्क ड्राइव्ह सुटतात, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : फोल्डर उघडते, फाइली वाचता येतात, पण नवी फाइल ठेवायला गेले की परवानगी नाही म्हणते.

उत्तर : परवानगीच्या दोन याद्या असतात : एक ‘शेअरिंग’ टॅबमध्ये, दुसरी ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये. दोन्हींतली जी कडक, ती लागू होते. शेअरिंगमध्ये ‘चेंज’ आणि सिक्युरिटीमध्ये ‘मॉडिफाय’ त्याच खात्याला द्या.

प्रश्न : विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीवर गेल्यापासून बिनपासवर्डचा जुना नेटवर्क डिस्कचा डबा (राउटरला जोडलेली साठवण) उघडत नाही. एसएमबी१, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, सुरू करा, असे कुणी सांगितले. करू का?

उत्तर : नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो एसएमबी१ मधल्या उणिवेतून, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी१ मुळातच बंद असते. तुमची अडचण बहुधा निराळी आहे. २४एच२ च्या प्रो आवृत्तीत जोडणीवर डिजिटल सही सक्तीची झाली आणि पाहुणा म्हणून विनाओळख प्रवेश बंद झाला. पाहुण्याकडे पासवर्ड नसतो, त्यामुळे सही करायला किल्लीच नसते. डब्याच्या सेटिंग्जमध्ये खाते आणि पासवर्ड तयार करा, आणि एसएमबी२ किंवा ३ चालू करा. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. डबा फक्त एसएमबी१ जाणत असेल, तर त्यातल्या फाइली त्याच्या वेबपानावरून किंवा एफटीपीने काढून घ्या आणि त्याला निवृत्त करा.

प्रश्न : दोन्ही संगणक गिगाबिट राउटरला केबलने जोडलेत, तरी फाइल सेकंदाला ११ मेगाबाइटनेच जाते.

उत्तर : हा आकडाच दोष सांगतो. सेकंदाला ११-१२ मेगाबाइट म्हणजे जोडणी १०० मेगाबिटवर चालली आहे; गिगाबिटवर साधारण ११० मिळायला हवेत. १०० मेगाबिटला केबलमधल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार तुटली की यंत्रे मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात आणि कुठेही त्रुटी दिसत नाही. दोन्ही संगणकांच्या नेटवर्क प्रॉपर्टीजमध्ये ‘लिंक स्पीड’ पहा. ज्यावर १०० दिसेल त्याची केबल बदला. दोन्हींवर १००० असेल तर फाइली पहा : हजारो बारीक फाइली एका मोठ्या फाइलीपेक्षा खूप हळू जातात, कारण प्रत्येकीसाठी उघडणे, लिहिणे, बंद करणे नव्याने होते. त्या आधी एका झिपमध्ये बांधा.