‘चांगलं अ‍ॅप सांगा, पैसे भरून टाकतो’

सुट्ट्या जवळ आल्या की मुलांच्या अभ्यासाच्या अ‍ॅपबद्दल हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. या वेळी विचारणारी आई नाशिकच्या सिडकोतली, वडील अंबडच्या कंपनीत शिफ्टला. मुलगा सातवीत, सेमी इंग्रजीला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्याला अध्ययन अक्षमता आहे. विज्ञानाचा धडा ऐकला की नीट समजावून सांगतो, पण तोच धडा वाचायला दिला की दुसऱ्या ओळीत अडकतो. घरी एका अ‍ॅपचा विक्रेता येऊन गेला होता. तीन वर्षांचं पॅकेज, हप्त्यांची सोय आणि माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘सर्वसमावेशक’.

मी म्हटलं, “ताई, अजून पैसे भरू नका. मोफत चाचणी सुरू करा आणि त्याला घेऊन या.”

माझ्यासमोर बसून त्याने व्हिडिओ आवडीने पाहिला. मग आली प्रश्नमंजूषा. प्रश्न इंग्रजीत, वाचून दाखवायची सोय नाही आणि वर कोपऱ्यात सेकंद पळतायत. पठ्ठ्याने न वाचताच प्रत्येक वेळी दुसरा पर्याय दाबला. शेवटी क्रमवारी आली, त्यात स्वतःचं नाव तळाला दिसल्यावर फोन पालथा घातला.

“बघा मॅडम, लक्षच देत नाही,” आई म्हणाली.

मी तेच प्रश्न त्याला मराठीतून, सावकाश वाचून दाखवले. बहुतेक उत्तरं बरोबर आली. आई माझ्याकडे बघतच राहिली. त्या अ‍ॅपवर त्याच्या वाचनाचीच परीक्षा चालली होती, विज्ञानापर्यंत गाडी पोचतच नव्हती.

म्हणून ‘विशेष मुलांसाठी कोणतं’ यापेक्षा ‘माझं मूल कुठे अडतं’ हे आधी धरावं. वाचनात अडणाऱ्या मुलासाठी मी घड्याळ आणि क्रमवारी बंद करता येते का, हे पहिल्यांदा बघते. नसेल येत तर बाकीचं कितीही देखणं असो, माझ्या लेखी ते बाद. मग अँड्रॉइड फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधलं ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करायचं आणि अ‍ॅपमधल्या मजकुरावर बोट ठेवायचं. फोन वाचून दाखवतो की गप्प बसतो, ते दोन मिनिटांत कळतं. विक्रेत्याला विचारण्यापेक्षा हे बरं. कर्णबधिर मुलासाठी पडद्यावरचा मजकूर किंवा सांकेतिक भाषेतला व्हिडिओ हवा, अल्पदृष्टी असेल तर अक्षर मोठं करता यायला हवं, स्वमग्न मुलाला सारखे वाजणारे आवाज बंद करता यायला हवेत.

तोवर त्या घरासाठी मी फुकटातलं सुचवलं. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात, ते ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-अ‍ॅपवर उघडतात. तिथलं सगळंच चांगलं नाही, काही व्हिडिओ अगदीच रटाळ आहेत. पण धडा त्याच्याच पुस्तकातला, थांबवून पुन्हा ऐकता येणारा. रोज एकच छोटा व्हिडिओ बघायचा, मग आईने तोंडी विचारायचं आणि लिहायचं फक्त एका प्रश्नाचं उत्तर.

वडिलांची खरी धास्ती दहावीची होती. त्यांना सांगितलं की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांची नोंद आहे, त्यांत अध्ययन अक्षमताही येते. जादा वेळ, लेखनिक अशा बोर्डाच्या सवलती अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर मिळतात, अ‍ॅपच्या पावतीवर नाही. आणि ते काम दहावी तोंडावर आल्यावर धावपळ करून होत नाही, म्हणून तपासणीची चौकशी आत्ताच सुरू करा.

शब्दांच्या स्पेलिंगचं घोडं अजून अडलेलंच आहे, त्यासाठी विशेष शिक्षिकेकडे आठवड्यातून दोनदा जाणं सुरू झालंय. मध्यंतरी त्या विक्रेत्याचा पुन्हा फोन आला, सवलत आजच संपतेय म्हणून. वडिलांनी विचारलं, “टायमर बंद कुठून करायचा, तेवढं सांगा.” त्याने ‘विचारून कळवतो’ म्हणून फोन ठेवला.